सोडून दिलेल्या खाणी : न दिसणारे धोके आणि त्यांचा प्रतिबंध

अमेरिकेच्या पश्चिम भागात कॅलिफोर्निया व नेवाडा या राज्यांच्या सीमेवर मोहावी नावाचे विस्तीर्ण वाळवंट पसरलेले आहे. मैलोगणती वस्ती नाही, पाणी नाही, झाडाची सावली नाही. अशा या प्रदेशात उघड्याबोडक्या डोंगरांच्या उतारावर ठिकठिकाणी काळोखी भोके दिसतात. त्यांच्या तोंडाशी दगडमातीचे ढीग, गंजलेले लोखंडी रूळ आणि मोडकळीस आलेले लाकडी मनोरे असतात. सोने, चांदी, शिसे आणि टाकणखार यांच्या शोधात शंभर-दीडशे वर्षांपूर्वी माणसांनी खणलेल्या आणि नंतर तशाच टाकून दिलेल्या या खाणी होत. हौशी प्रवाशांना त्यांचे मोठे आकर्षण वाटते. जुन्या काळाच्या खुणा पाहाव्यात, एखादे जुने अवजार हाती लागावे, निदान आत काय आहे हे तरी कळावे, या कुतूहलापोटी ते आत शिरतात. त्यांतील काही जण परत येत नाहीत.

या अपघातांची कारणे अमेरिकेपुरती मर्यादित नाहीत. माणसाने जमिनीत खोदकाम केले, काम संपल्यावर ते न बुजवता सोडून दिले आणि त्याची जबाबदारी कोणाचीच उरली नाही, की हा धोका निर्माण होतो. मग ते खोदकाम सोन्याची खाण असो, दगडाची खाण असो, पडकी विहीर असो वा कोरडी विंधन विहीर असो. म्हणूनच वाळवंटातील या खाणींचा अनुभव आपल्याकडील पंचायत सदस्यांनी, शिक्षकांनी आणि अधिकाऱ्यांनी समजून घेण्यासारखा आहे.

खाणी आल्या कशा आणि राहिल्या कशा

१८४८ साली कॅलिफोर्नियात सोने सापडले आणि देशोदेशीची माणसे तिकडे धावली. १८५९ साली नेवाडात कॉमस्टॉक येथील चांदीचा मोठा साठा उघडकीस आला. त्यानंतरच्या अर्धशतकात वाळवंटातील क्वचितच एखादी डोंगररांग खाणवाल्यांच्या नजरेतून सुटली असेल. १८७२ च्या खाण कायद्याने सरकारी जमिनीवर खनिज शोधण्याची व त्यावर हक्क सांगण्याची मुभा दिली. काम संपल्यावर खड्डे बुजविण्याचे बंधन मात्र त्या कायद्यात नव्हते. तसे नियम येण्यास एकोणीसशे सत्तरचे दशक उलटावे लागले.

खनिज संपले किंवा भाव कोसळले की वस्त्या उठत. नेवाडातील ऱ्हायोलाइट हे याचे ठळक उदाहरण होय. १९०४ साली जवळच्या टेकड्यांत सोने सापडल्यावर हे गाव वसले. पाहता पाहता तेथे पेढ्या, शाळा, रेल्वे आणि विजेचे दिवे आले. पण १९११ साली तेथील मुख्य खाण बंद पडली आणि १९१६ साली गावाची वीज तोडण्यात आली. आज तेथे भिंतींचे अवशेष तेवढे उभे आहेत. माणसे निघून गेली, परंतु जमिनीतील भोके तशीच राहिली.

अशा भोकांची संख्या लहान नाही. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०२० साली दिलेल्या अहवालानुसार, तेथील केंद्र सरकारच्या जमिनींवर कोळशाखेरीज अन्य खनिजांच्या सोडून दिलेल्या खाणींची किमान १,४०,००० तोंडे, खड्डे व बांधकामे नोंदली गेली होती. त्यांपैकी सुमारे ६७,००० ठिकाणी माणसाच्या जिवाला धोका असल्याचे किंवा असू शकत असल्याचे आढळून आले.

पायाखालची जमीन

खाणीत जाण्याच्या वाटा मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. डोंगराच्या पोटात आडवा गेलेला तो बोगदा आणि विहिरीसारखा सरळ खाली गेलेला तो कूपक. कूपकाचा धोका उघड दिसतो असे वाटते, पण तसे नसते. त्याच्या तोंडाभोवतीची माती वर्षानुवर्षे आत ढासळत राहते आणि कडा नरसाळ्यासारखी उतरती होते. खोली किती आहे हे पाहण्यासाठी माणूस कडेशी गेला की सुटी खडी पायाखालून सरकते. तीस मीटर खोल पडण्यास अडीच सेकंददेखील पुरेसे होतात आणि तळाशी आदळताना वेग ताशी सुमारे ८५ किलोमीटर असतो.

बोगदा त्यामानाने सुरक्षित वाटतो, कारण त्यात चालत जाता येते. परंतु बोगद्याच्या आतही वरच्या मजल्यावरून खालच्या मजल्यावर उतरणारे कूपक खणलेले असतात. खाण चालू असताना त्यांवर फळ्या टाकलेल्या असत. त्या फळ्यांवर आता धूळ व दगडचुरा साचून त्या जमिनीसारख्याच दिसतात. लाकूड आतून कुजलेले असते. कित्येकदा असा कूपक पाण्याने तुडुंब भरलेला असतो आणि विजेरीच्या प्रकाशात तो घोटाभर पाण्याचे डबके वाटतो.

डोक्यावरच्या छताचीही हीच गत असते. खाण चालू असताना जाणते कामगार रोज छताचा खडक ठोकून पाहत, सुटे दगड पाडून टाकत आणि लाकडी टेकू बदलत. ही देखरेख थांबली की खडकातील भेगा रुंदावू लागतात. शंभर वर्षे उभे राहिलेले छत आजही उभे राहील, असे समजणे चुकीचे ठरते.

हवेतील फसवणूक

खाणीतील सर्वांत मोठा शत्रू डोळ्यांना दिसत नाही. आपण श्वासात घेतो त्या हवेत प्राणवायूचे प्रमाण सुमारे २१ टक्के असते. बंद पडलेल्या खाणीत वारा खेळत नाही. तेथील खनिजांतील गंधकयुक्त लोह गंजत राहते, टेकूंचे लाकूड कुजत राहते आणि या दोन्ही क्रियांत प्राणवायू खर्च होतो. कुजण्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड वायू हवेच्या दीडपट जड असल्यामुळे खोलगट जागी साचून राहतो. उरते ती नत्रवायू आणि कार्बन डायऑक्साइड यांचीच हवा. तिला रंग नसतो व वासही नसतो.

प्राणवायू १६ टक्क्यांच्या आसपास आला की माणसाची विचारशक्ती मंदावते. धोका ओळखून मागे फिरण्यासाठी जी बुद्धी हवी, तीच प्रथम निकामी होते. प्रमाण १० टक्क्यांखाली गेले की शुद्ध हरपते. त्याहून कमी झाले तर काही मिनिटांत मृत्यू येतो. गुदमरल्याची जाणीव होईल आणि मग बाहेर पडू, ही समजूत घातक आहे. ती जाणीव बहुधा होतच नाही.

साचलेल्या पाण्यात पाय पडला तर त्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू उसळू शकतो. त्याला सडक्या अंड्यासारखी दुर्गंधी असते, परंतु प्रमाण वाढले की नाकाची संवेदना बधिर होते आणि वास गेला असे वाटून माणूस पुढे जातो. कोळशाच्या खाणीत मिथेन वायूची भर पडते. हवेत तो ५ ते १५ टक्के मिसळला असता एका ठिणगीने स्फोट होतो. शिवाय खाणीतील हवा रोज सारखी नसते. बाहेरील हवेचा दाब उतरला की खाणीच्या आतल्या भागातील दूषित हवा पुढे सरकते. काल सुखरूप जाऊन आलेला माणूस आज त्याच जागी कोसळू शकतो तो यामुळे.

याखेरीज जुन्या खाणींत सुरुंगाची दारू आणि स्फोटक टोप्या पडून राहिलेल्या सापडतात. डायनामाइट जुने झाले की त्यातील नायट्रोग्लिसरीन पाझरून वर येते आणि मग हलक्या धक्क्यानेही स्फोट होण्याचा संभव असतो. बोगद्याच्या थंड तोंडाशी विषारी खुळखुळ्या साप विसाव्याला येतात. उंदरांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासावाटे गेल्यास हंता विषाणूची बाधा होऊ शकते. या रोगाने १९९३ साली अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात अनेक बळी घेतले होते.

वाटेवरचे वाळवंट

खाणीपर्यंत पोचण्याची वाटही तितकीच कठीण आहे. कॅलिफोर्नियातील डेथ व्हॅली, म्हणजे मृत्युदरी, या भागाचा सर्वांत सखल बिंदू समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली आहे. तेथील फर्नेस क्रीक येथे १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीत पृथ्वीवरील सर्वोच्च तापमान म्हणून ते मान्य आहे. जमिनीच्या पृष्ठभागाचे तापमान १९७२ च्या जुलैत ९३.९ अंशांवर गेले होते. अशा कोरड्या हवेत घाम येताक्षणीच वाळतो. त्यामुळे शरीरातून ताशी लिटरभर किंवा अधिक पाणी जात असूनही माणसाला ते कळत नाही. दिवसाकाठी माणशी किमान चार लिटर पाणी जवळ बाळगावे, असे तेथील राष्ट्रीय उद्यानाचे अधिकारी प्रवाशांना सांगतात.

१९९६ च्या जुलै महिन्यात जर्मनीहून आलेले दोन प्रौढ व दोन मुले भाड्याच्या मोटारीने या भागात फिरण्यास गेली आणि नाहीशी झाली. ऑक्टोबरमध्ये त्यांची मोटार एका निर्मनुष्य घळीत सापडली. तिची तीन चाके निकामी झालेली होती. त्या वेळी कसून शोध घेऊनही माणसांचा माग लागला नाही. तेरा वर्षांनी, २००९ साली, मोटारीपासून काही मैलांवर मानवी अवशेष मिळाले. नकाशावर रेघ आहे म्हणजे तेथे मोटार जाऊ शकेल असा रस्ता आहे, हा समज वाळवंटात किती महाग पडतो हे या घटनेवरून दिसून येते.

जेथे वर्षाकाठी जेमतेम ५५ मिलिमीटर पाऊस पडतो, तेथे पुराचेही भय असते. ५ ऑगस्ट २०२२ रोजी काही तासांत सुमारे ३७ मिलिमीटर पाऊस पडला, रस्ते वाहून गेले आणि सुमारे एक हजार माणसे उद्यानात अडकून पडली. अडचणीच्या वेळी हेलिकॉप्टर येईलच असेही नाही. २०२४ च्या जुलैत उष्णतेने आजारी पडलेल्या मोटारसायकलस्वारांना नेण्यासाठी हवाई मदत मिळू शकली नाही, कारण अतितप्त हवा विरळ होते आणि तिच्यात हेलिकॉप्टरला पुरेसा आधार मिळत नाही.

म्हणूनच तेथील जाणकार काही साधे नियम पाळतात. एकट्याने जाऊ नये. कोठे जाणार व केव्हा परतणार हे मागे राहणाऱ्यास लिहून द्यावे. मोटार बंद पडल्यास तिला सोडून चालू लागू नये, कारण वरून शोध घेणाऱ्यास माणसापेक्षा मोटार लवकर दिसते. उन्हाळ्यात दरीच्या सखल भागात पायी भटकू नये. आणि खाणीचे तोंड दिसले तर बाहेरूनच पाहून परतावे.

वाचविणाऱ्याचा मृत्यू

खाणीतील अपघाताचे सर्वांत दुःखद अंग म्हणजे तो बहुधा एका बळीवर थांबत नाही. आत कोसळलेल्या मित्राला बाहेर काढण्यासाठी दुसरा धावतो आणि त्याच हवेत तोही पडतो. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्यविषयक राष्ट्रीय संस्थेने १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार, टाक्या, भुयारे, खड्डे यांसारख्या बंदिस्त जागांतील मृतांपैकी ६० टक्क्यांहून अधिक लोक मदतीस धावलेले होते.

प्रशिक्षित पथकांपुढेही कधी कधी मार्ग नसतो. २०११ साली नेवाडात एक माणूस सोडून दिलेल्या खाणीच्या कूपकात पडला. पथकाने खाली उतरण्याचा प्रयत्न केला, परंतु कूपकाच्या भिंतींतील खडक सुटून पडत होते. आणखी जीव धोक्यात घालणे योग्य नाही असे ठरवून प्रयत्न थांबवावे लागले आणि तो माणूस तेथेच मरण पावला. असा निर्णय घेण्याची पाळी कोणावरही येऊ नये, यासाठी अपघातापूर्वीचे उपाय महत्त्वाचे ठरतात.

तेथे योजलेले उपाय

कोळशाच्या जुन्या खाणींसाठी अमेरिकेने १९७७ साली कायदा करून चालू खाणींच्या प्रत्येक टन कोळशावर आकार बसविला आणि त्या निधीतून जुने खड्डे बुजविण्यास सुरुवात केली. सोन्याचांदीच्या खाणींना मात्र असा कायम निधी लाभला नाही. नेवाडा राज्याने १९८७ पासून सोडून दिलेल्या खाणींची स्वतंत्र मोहीम हाती घेतली. प्रथम पाहणी करून प्रत्येक तोंडाची नोंद करावयाची, वस्ती व रस्ता किती जवळ आहे यावरून धोक्याची प्रतवारी लावावयाची, तेथे कुंपण व फलक उभारावयाचा आणि मग कायमचे बंद करावयाचे, असा तिचा क्रम आहे. कुंपण घालण्याच्या कामी स्वयंसेवक व स्काउट मुलांचेही साहाय्य घेतले जाते.

कायमचे बंद करण्याच्या रीती जागेनुसार बदलतात. जेथे यंत्र पोचते तेथे खाणीतूनच निघालेला दगडमुरूम पुन्हा आत लोटतात. जेथे पोचत नाही तेथे फुगून घट्ट होणाऱ्या फेसाचे बूच बसवितात. ज्या खाणींत वटवाघळांनी आसरा घेतला आहे तेथे आडव्या लोखंडी गजांची जाळी लावतात. तिच्यातून वटवाघळे ये-जा करू शकतात, माणूस शिरू शकत नाही.

केवळ मनाई करून कुतूहल शमत नाही, हेही तेथील प्रशासनाने जाणले आहे. कॅलिफोर्नियातील बोडी हे ओस पडलेले खाणगाव १९६२ पासून राज्याने ऐतिहासिक उद्यान म्हणून जपले आहे आणि पर्यटक ते निर्धास्तपणे पाहू शकतात. खाण सुरक्षा प्रशासनाने १९९९ पासून मुलांसाठी देशव्यापी प्रचार सुरू केला. ‘बाहेर राहा, जिवंत राहा’ असा त्याच्या घोषवाक्याचा अर्थ आहे.

आपल्याकडील चित्र

सोडून दिलेली खाण चालू खाणीलाही गिळू शकते, याचा भीषण अनुभव भारताने घेतला आहे. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळील चासनाला कोळसा खाणीत शेजारच्या जुन्या, पाण्याने भरलेल्या खोदकामाचे पाणी फुटून आत घुसले आणि ३७० हून अधिक कामगार मृत्युमुखी पडले.

आज खाण बंद करणे हा खाणकामाचाच भाग मानला जातो. २००३ साली खनिज संवर्धनाच्या नियमांत दुरुस्ती होऊन खाणमालकास खाण बंद करण्याचा आराखडा सादर करणे बंधनकारक झाले. या नियमांची अंमलबजावणी पाहणाऱ्या भारतीय खाण ब्यूरोचे मुख्यालय नागपुरात आहे. तथापि, गावोगावच्या जुन्या दगडखाणी व मुरमाचे खड्डे यांतील अनेक या व्यवस्थेपूर्वीचे किंवा तिच्या कक्षेबाहेरचे आहेत. पावसाळ्यात ते पाण्याने भरतात. नदीला किंवा तलावाला उतरता काठ असतो. दगडखाणीला तसा काठ नसतो, पहिल्याच पावलाला खोल पाणी लागते आणि बाहेर येण्यास धरावयास काही नसते. पोहण्यास उतरलेली मुले बुडाल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात वाचावयास मिळतात.

दूषित हवेचे ज्ञान मात्र आपल्या शेतकऱ्यांना नवे नाही. सांगलीजवळ हरिपूर येथे जमिनीत खोदलेल्या पेवांत हळद साठविण्याची परंपरा आहे. बंद पेवातील हवेत प्राणवायू उरत नाही, म्हणून पेव उघडल्याबरोबर त्यात कोणी उतरत नाही. काही तास ते उघडे ठेवतात आणि कंदील आत सोडून पाहतात. कंदील विझला तर माणूस उतरत नाही. वाळवंटातील खाणीत मरण पावलेल्या कित्येकांना ही एवढी माहिती असती तर त्यांचे प्राण वाचले असते. तरीही एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. कंदील जळत राहिला तरी हायड्रोजन सल्फाइडसारखा विषारी वायू नाहीच असे सिद्ध होत नाही आणि मिथेन असल्यास ज्योतच स्फोटाला कारण होते. म्हणून जुन्या विहिरीत किंवा मैल्याच्या टाकीत उतरण्यापूर्वी वायुमापक यंत्राने तपासणी करणे, यंत्राने हवा खेळविणे आणि उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधून तो वर धरणारी माणसे ठेवणे हाच खात्रीचा मार्ग होय.

उघड्या विंधन विहिरींबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली मार्गदर्शक सूचना दिल्या. सोडून दिलेली विंधन विहीर तळापासून जमिनीपर्यंत भरून घ्यावी असे त्यांत सांगितले असून ग्रामीण भागातील देखरेखीत सरपंचांनाही सहभागी केले आहे.

गावपातळीवर काय करता येईल

नेवाडाच्या क्रमाचे अनुकरण करण्यास मोठा खर्च लागत नाही. ग्रामपंचायतीने शिवारातील जुन्या दगडखाणी, मुरमाचे खड्डे, पडक्या विहिरी आणि कोरड्या विंधन विहिरी यांची पावसाळ्यापूर्वी एक यादी करावी. शाळा, पाणवठा व पायवाट यांच्याजवळची ठिकाणे यादीत प्रथम घ्यावीत. मालक कोण, हे तलाठ्याकडून समजून घेऊन ग्रामसभेत ती यादी वाचून दाखवावी. जे बुजविता येईल ते बुजवावे आणि जे येणार नाही त्याला कुंपण घालून फलक लावावा. फलक लावून काम संपले असे मात्र समजू नये, कारण लहान मुलांना फलक वाचता येत नाही.

शिक्षकांचे कार्य याहून मोलाचे आहे. प्राणवायूचा पाठ वर्गात शिकविताना पेवातील कंदिलाचे उदाहरण दिले तर विद्यार्थी ते विसरणार नाहीत. विशेषतः एक गोष्ट मुलांच्या मनावर ठसविली पाहिजे. सोबती विहिरीत किंवा खड्ड्यात बेशुद्ध पडला, तर त्याच्यामागे उतरावयाचे नाही. ओरडून मोठ्यांना बोलवावयाचे, दोर वा बांबू टाकावयाचा आणि ११२ या क्रमांकावर कळवावयाचे. मित्राला संकटात पाहून थांबणे कठीण असते. परंतु त्या क्षणी थांबून मदत बोलाविणारा मुलगाच दोघांचेही प्राण वाचवू शकतो.